डेझी नावाची कुत्री, डेझी नावाची बंदूक, डेझी नावाचा बॉम्ब: एका साध्या फुलाचं अमेरिकेत काय काय झालं

‘जॉन विक’चा पहिला भाग, २०१४ चा, ज्यांनी बघितलाय त्यांना ते पिल्लू आठवत असणारच. बायको आजारपणात गेलेली, पण जाण्याआधी तिने विचार करून ठेवलेला की मी नसताना या माणसाला जीव लावायला कुणीतरी हवं, म्हणून तिच्या मागे एक बीगलचं पिल्लू घरपोच येतं, सोबत चिठ्ठी. पिल्लाचं नाव डेझी. मग एका रशियन डॉनचा माजलेला पोरगा गाडी चोरायला घरात घुसतो, पिल्लाला मारून टाकतो आणि मग चारही पिक्चरभर नुसती माणसं पडत राहतात. आपल्याकडे ‘एका कुत्र्यापायी एवढं?’ असे मीम भरपूर फिरले. पण अमेरिकन प्रेक्षकाने ‘डेझी’ हे नाव ऐकलं तेव्हाच त्याचं अर्धं काम झालेलं होतं, कारण या नावात तिकडे गेली दीडशे वर्षं काय काय साठत आलंय ते त्याला कुणी शिकवावं लागत नाही, आपल्याला मात्र थोडं उलगडून बघावं लागतं. तेच आज करू.

आधी फूल. पांढऱ्या पाकळ्या गोल, मध्ये पिवळी टिकली. लहान मुलाला फूल काढ म्हटलं तर ते जे काढतं ते डेझीच असतं. आपल्याकडे हे नर्सरीत आणि बुकेमध्ये दिसतं, पण आपलं म्हणावं असं यातलं जवळचं फूल म्हणजे शेवंती. नातं खरंखुरं आहे, झेंडू, सूर्यफूल, शेवंती आणि डेझी एकाच कुळातले, आणि अमेरिकेत रस्त्याकडेला दिसणारी जी ऑक्सआय डेझी आहे ती तर बरीच वर्षं वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात शेवंतीच्याच गटात धरली जायची. या कुळाची गंमत अशी की आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक नसतंच. मधली पिवळी टिकली म्हणजे शेकडो बारीक नळीसारखी फुलं दाटीवाटीने बसलेली, आणि बाहेरची प्रत्येक पांढरी ‘पाकळी’ हे सुद्धा एक वेगळं फूल. म्हणजे साधेपणाची खूण म्हणून जे फूल जगभर चालतं ते मुळात साधं नाहीच, अख्खी कॉलनी आहे ती.

दुसरी गोष्ट म्हणजे हे फूल अमेरिकेचं नाही. युरोपातून जी माणसं तिकडे जाऊन वसली त्यांच्या सामानातून, चाऱ्यातून, गवताच्या बियांतून ते गेलं आणि कुरणांमध्ये असं पसरलं की शेतकरी वैतागले, आज काही राज्यांत ते सरकारी यादीत तण म्हणून नोंदलेलं आहे. आणि त्याच फुलापासून कॅलिफोर्नियात सांता रोझाला ल्यूथर बरबँक नावाच्या माणसाने वर्षानुवर्षं संकर करत करत १९०१ मध्ये मोठ्या, स्वच्छ पांढऱ्या पाकळ्यांची जात बाजारात आणली, नाव दिलं शास्ता डेझी, तिथल्या बर्फाच्या डोंगरावरून. म्हणजे शेतात तण आणि बागेत कौतुक. हे लक्षात ठेवा कारण नावाचंही पुढे असंच झालंय.

आता नाव. इंग्लंडच्या हिरवळीवर जी बुटकी डेझी असते ती सकाळी उघडते आणि संध्याकाळी मिटते, म्हणून जुन्या इंग्रजीत तिला ‘दिवसाचा डोळा’ म्हणायचे, त्याचं घासून घासून डेझी झालं. आणि फ्रेंचमध्ये याच जातीच्या फुलाला म्हणतात मार्गरीट, जे मुलीचंही नाव आहे, म्हणून इंग्रजी घरांत मार्गारेट नावाच्या मुलीला लाडाने डेझी म्हणायची पद्धत पडली. पुढे ते स्वतंत्र नावच झालं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिकडे मुलींना फुलाझाडांची नावं ठेवायची लाटच होती, लिली, व्हायोलेट, आयव्ही, मर्टल, आणि १८८० च्या दशकात डेझी अमेरिकेत पहिल्या शंभर नावांत होतं. आपल्याकडे मुंबईतल्या पारशी-इराणी आणि ख्रिस्ती घरांत हे नाव आलं ते अर्थात इंग्रजांमार्फत, अमेरिकेशी त्याचा संबंध नाही, जुन्या हिंदी पिक्चरमधली बालकलाकार डेझी इराणी अनेकांना आठवेल.

गुलाब म्हटलं की अर्थ आधीच ठरलेला, प्रेम, व्हॅलेंटाईन, काटे वगैरे. लिली म्हटलं की चर्च आणि अंत्ययात्रा. डेझीला असा काही थाट नाही. ती विकत घ्यावी लागत नाही, माळ्याने लावावी लागत नाही, शेतातून जाता जाता पोरीने तोडावी आणि ‘त्याचं माझ्यावर प्रेम आहे, नाही, आहे, नाही’ करत पाकळ्या उपटाव्यात (पाकळ्यांची संख्या विषम असली आणि सुरुवात ‘आहे’ने केली की उत्तर ‘आहे’च येतं, तेव्हा हुशार मुली आधी मोजून घेत असणार). म्हणून डेझी म्हणजे साधी, निरागस, उघड्या चेहऱ्याची, थोडी गावाकडची. आणि माझं म्हणणं असं की अमेरिकन लोकांनी हे नाव एवढं वापरलं ते या निरागसपणासाठी नाही, तर त्या निरागसपणाच्या शेजारी काय आणून ठेवता येतं त्यासाठी. बंदूक, पैसा, बॉम्ब, मरण. पुढची जवळजवळ सगळी उदाहरणं तुम्हाला तशीच सापडतील.

पहिलं मोठं उदाहरण १८७८ चं, हेन्री जेम्सची ‘डेझी मिलर’ ही छोटी कादंबरी. न्यूयॉर्क राज्यातली श्रीमंत घरातली पोरगी आई आणि भावाबरोबर युरोप फिरायला येते, मोकळी, बडबडी, कुणाही मुलाबरोबर फिरायला निघणारी, आणि युरोपात राहून राहून युरोपियनांपेक्षा कडक झालेले तिथले अमेरिकन लोक तिला नावं ठेवायला लागतात. तिचा छोटा भाऊ पहिल्याच भेटीत सांगून टाकतो की हिचं खरं नाव डेझी नाहीच, ॲनी आहे. आणि जो हिरो तिच्याकडे बघत बसतो पण ठामपणे काही करत नाही त्याचं आडनाव आहे विंटरबोर्न, म्हणजे आडनावातच हिवाळा. हिवाळ्यात डेझीचं काय होतं ते सांगायला नको. रोममध्ये रात्रीच्या वेळी कोलोसियम बघायला जाते, मलेरिया होतो, मरते, आणि शेवटी तिच्या थडग्याभोवती एप्रिलच्या डेझी फुललेल्या आहेत. जरा जास्तच जुळवून आणलंय असं मला वाटतं, पण त्या काळी हे पुस्तक खूप गाजलं आणि ‘डेझी मिलर’ म्हणजे नियम न पाळणारी अमेरिकन मुलगी असा शब्दप्रयोगच होऊन बसला.

त्याच काळात बोलीभाषेत मात्र डेझीचा भलताच अर्थ चालू होता. ‘इट्स अ डेझी’ म्हणजे एक नंबर, कडक, भारी. १८८० च्या दशकात मिशिगनमधल्या प्लिमथ गावात पवनचक्क्या बनवणारी एक कंपनी होती, धंदा मंदावलेला, तेव्हा एका माणसाने हवेच्या दाबावर चालणारी धातूची छर्‍याची बंदूक बनवून आणली आणि कंपनीच्या मॅनेजरने ती झाडून बघितल्यावर त्याच्या तोंडून निघालं, ‘अरे ही तर डेझी आहे!’ कंपनीकडून हीच गोष्ट आजवर सांगितली जाते. आधी शेतकऱ्याला पवनचक्कीसोबत भेट म्हणून बंदूक द्यायचे, मग लोक बंदूकच मागायला लागले, आणि १८९५ मध्ये कंपनीने पवनचक्क्यांचं नाव टाकून डेझी हेच नाव घेतलं. १९४० मध्ये आलेलं त्यांचं रेड रायडर मॉडेल म्हणजे अमेरिकन पोरांचं स्वप्न, १९८३ च्या ‘अ ख्रिसमस स्टोरी’ नावाच्या पिक्चरमध्ये तो मुलगा पूर्ण वेळ त्याच बंदुकीसाठी हट्ट करत असतो आणि सगळी मोठी माणसं त्याला सांगत असतात की डोळा फोडून घेशील. फुलाचं नाव, मुलीचं नाव, आणि ते कोरलंय बंदुकीवर, पण कुणाला त्यात काही विचित्र वाटत नाही. वेस्टर्न पिक्चर आवडणाऱ्यांसाठी आणखी एक, १९९३ च्या ‘टूम्बस्टोन’मध्ये डॉक हॉलिडे हा बंदूकबाज समोर बंदूक रोखून उभ्या असलेल्या माणसाला ‘यू आर अ डेझी इफ यू डू’ असं ऐकवतो, ते याच अर्थाने, म्हणजे ‘जमलं तर मानला तुला’. हे संवाद लिहिणाऱ्याने हवेतून काढलेलं नाही, पिक्चर ज्यावर बेतलाय त्या १८८१ च्या खऱ्या गोळीबाराच्या ज्या हकिकती सांगितल्या जातात त्यात हॉलिडेच्या तोंडी जवळपास हेच वाक्य आहे.

मग येते ती सगळ्यात प्रसिद्ध डेझी. १९२५ ची कादंबरी ‘द ग्रेट गॅट्सबी’, लेखक स्कॉट फिट्झजेराल्ड, आणि तिच्यातली डेझी ब्युकॅनन. लुईव्हिलची श्रीमंत घरातली मुलगी, पहिल्यांदा भेटते तेव्हा पांढऱ्या कपड्यात, लग्नाआधीची गाडी पांढरी, सगळंच पांढरं. गॅट्सबी नावाचा गरीब घरातून आलेला माणूस तिच्यासाठी वेडा, ती मिळावी म्हणून बेकायदा धंद्यातून पैसा कमावतो, खाडीच्या पलीकडे तिच्या घरासमोर बंगला घेतो, पार्ट्या देतो. आणि एका ठिकाणी तोच गॅट्सबी तिच्या आवाजाबद्दल म्हणतो की त्या आवाजात पैसा भरलाय. आता परत फुलाकडे बघा, बाहेर पांढरं आणि आत पिवळं. अमेरिकेत शाळेत हे पुस्तक शिकवतात तेव्हा बाई पोरांना हा मुद्दा सांगतातच, बाहेरून निर्मळ आणि आत सोनं, म्हणजे पैसा. शेवटी गाडी चालवताना हीच डेझी एका बाईला उडवते, थांबत नाही, आळ गॅट्सबीवर येतो, तो मारला जातो आणि ही नवऱ्याबरोबर गाव सोडून निघून जाते, अंत्यविधीला फूलसुद्धा पाठवत नाही. जी बाई गाडीखाली येते तिचं नाव मर्टल, तेही एका झुडपाचंच नाव, फक्त ती गॅरेजवाल्याची बायको. एक फूल दुसऱ्या झाडाला चिरडून जातं. हेन्री जेम्सची डेझी समाजाने मारली, फिट्झजेराल्डची डेझी स्वतः मारून सहीसलामत सुटते, पन्नासेक वर्षांत नाव तेच राहिलं आणि बाजू बदलली.

इथे कुणी म्हणेल की ही तर शिकलेल्या लोकांची पुस्तकं झाली. बरोबर. सामान्य अमेरिकन माणसाला गॅट्सबीच्या आधी दुसरीच डेझी आठवते. १९३४ पासून वर्तमानपत्रात ‘लिल ॲबनर’ नावाची अल कॅपची कॉमिक स्ट्रिप यायची, डोंगराळ खेड्यातल्या अडाणी लोकांची टिंगल, त्यातली डेझी मे म्हणजे सोनेरी केस, ठिपक्यांचा ब्लाऊज, फाटका आखूड स्कर्ट, अनवाणी, आणि लग्नाला घाबरणाऱ्या ॲबनरच्या मागे वर्षानुवर्षं लागलेली. शेवटी १९५२ मध्ये त्यांचं लग्न लावलं तेव्हा ती देशभराची बातमी झाली. मग १९७९ ला टीव्हीवर ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ आली, जॉर्जिया राज्यातलं काल्पनिक गाव, नारिंगी गाडी उडवणारे दोन चुलत भाऊ आणि त्यांची चुलत बहीण डेझी ड्यूक, जी भूमिका कॅथरीन बाखने केली. तिने घातलेल्या जीन्सच्या एकदम आखूड चड्डीला आज अख्ख्या अमेरिकेत ‘डेझी ड्यूक्स’ असंच म्हणतात, दुकानात सुद्धा, गाण्यांत सुद्धा, केटी पेरीच्या २०१० च्या ‘कॅलिफोर्निया गर्ल्स’मध्ये तो उल्लेख आहे आणि आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी तो ऐकून सोडून दिला असेल. सिरीयल बंद झाली १९८५ ला, चड्डी राहिली. ही गावाकडची डेझी, निरागस आणि सेक्सी दोन्ही एकदम, शहरी पुरुषाने मनात रंगवलेली गावाकडची पोरगी. आपल्या जुन्या तमाशापटांतल्या पाटलाच्या मळ्यातल्या पोरींचं जे केलं तेच त्यांनी केलं.

डिस्नेची डेझी डक १९४० ची, डोनल्डची मैत्रीण, डोक्यावर बो, पायात हिल्स, नवऱ्यासारखाच तापट स्वभाव (नवरा म्हणजे तसा बॉयफ्रेंडच, यांचं लग्न काही केल्या होत नाही). तिच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, डोनल्डच्या ‘ड’ला जुळणारं फुलाचं नाव पाहिजे होतं इतकंच असावं.

पण ज्या डेझीने अमेरिकेचं राजकारण बदललं तिच्याबद्दल सांगायलाच पाहिजे. १९६४ ची निवडणूक. केनेडींची हत्या होऊन वर्षही झालेलं नाही, लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष, समोर रिपब्लिकन पक्षाचे बॅरी गोल्डवॉटर. गोल्डवॉटर कडवे उजवे, अण्वस्त्र चाचण्यांवर मर्यादा घालणाऱ्या १९६३ च्या कराराच्या विरोधात मत दिलेले, आणि युद्धभूमीवर छोटी अण्वस्त्रं वापरायचा अधिकार कमांडरना असावा असं बोलून बसलेले. अमेरिका आणि रशिया अणुयुद्धाच्या काठावर आले होते त्या क्यूबाच्या मिसाईल प्रकरणाला दोनच वर्षं झालेली, लोक घराच्या तळघरात बंकर बांधत होते, अशा वातावरणात ७ सप्टेंबर १९६४ च्या रात्री एनबीसी चॅनेलवर पिक्चर चालू असताना मध्येच एक मिनिटाची ॲड लागली.

एक छोटी मुलगी गवतात उभी, हातात डेझी, पाकळ्या उपटत मोजतेय. आकडे चुकतात, पाचानंतर सात, मग सहा, परत सहा. पक्ष्यांचा आवाज येतोय. नऊपर्यंत येते आणि तेवढ्यात एका पुरुषाचा कोरडा, लाऊडस्पीकरवरचा आवाज सुरू होतो, दहा, नऊ, आठ, उलटी मोजणी. मुलगी दचकून वर बघते, चित्र तिथेच थांबतं, कॅमेरा तिच्या डोळ्यात आत आत जातो, पूर्ण काळं होतं, आणि शून्यावर अणुस्फोट. वर जॉन्सनचा आवाज, की पणाला हे लागलंय, लेकरांना जगता येईल असं जग करायचं की अंधारात जायचं, एकमेकांवर प्रेम करायला हवं नाहीतर मरायचं. मग ३ नोव्हेंबरला जॉन्सनना मत द्या. संपलं.

गोल्डवॉटरचं नाव एकदाही नाही, आणि मुद्दा सगळा तिथेच आहे. ही ॲड करणाऱ्यांपैकी एक होते टोनी श्वार्ट्झ, न्यूयॉर्कचे आवाजाचे उस्ताद, त्यांचा सिद्धांत असा की लोकांच्या डोक्यात काही नवीन घालायला जाऊ नका, जे आधीच आहे ते फक्त हलवा. अणुबॉम्बची भीती लोकांच्या डोक्यात होतीच, गोल्डवॉटर आक्रमक आहेत हेही होतं, तुम्ही फक्त मुलगी, फूल आणि स्फोट शेजारी शेजारी ठेवा, जोडणी बघणारा स्वतः करतो आणि स्वतः केलेली जोडणी माणूस सहजासहजी खोडत नाही. जॉन्सनच्या कॅम्पेनने पैसे देऊन ही ॲड फक्त एकदाच दाखवली. रिपब्लिकन चिडले, वाद झाला, आणि वाद झाला म्हणून बातम्यांमध्ये ती परत दाखवली गेली, तीही फुकट. आज आपण ज्याला व्हायरल म्हणतो ते १९६४ मध्ये करून दाखवलेलं. जॉन्सन ६१ टक्के मतं घेऊन ४४ राज्यांत जिंकले. ते असेही जिंकलेच असते, पोलमध्ये पुढेच होते, त्यामुळे डेझीने निवडणूक जिंकून दिली असं म्हणणं जरा फुगवून सांगणं होईल. पण निवडणुकीची ॲड कशी करायची ते मात्र तिने कायमचं बदललं, त्याआधी उमेदवार टीव्हीवर येऊन भाषण द्यायचे नाहीतर जिंगल वाजायची. आणि ज्या एजन्सीने ही केली, डॉयल डेन बर्नबॅक, त्याच एजन्सीने काही वर्षं आधी फोक्सवॅगन बीटलच्या त्या प्रसिद्ध ‘थिंक स्मॉल’ जाहिराती केल्या होत्या. त्याच बीटलवर आणि फोक्सवॅगनच्या व्हॅनवर पुढे दोन-तीन वर्षांत हिप्पींनी डेझीची चित्रं रंगवली, फ्लॉवर पॉवर म्हणून, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात. म्हणजे जॉन्सनच्या ॲडमधलं फूल जॉन्सनच्याच युद्धाच्या विरोधात उभं राहिलं.

आणि त्याच युद्धात अमेरिकन हवाई दल जो बॉम्ब टाकत होतं त्याला सैनिक म्हणायचे डेझी कटर. कागदावर नाव बीएलयू-८२, वजन १५,००० पौंड, म्हणजे पावणेसात टनांच्या वर, विमानातून पॅराशूटवर सोडायचा. त्याच्या टोकाला एक लांब दांडी असायची, ती जमिनीला टेकली की बॉम्ब जमिनीच्या जरासा वरच फुटायचा, त्यामुळे खड्डा न पडता आजूबाजूचं जंगल आडवं व्हायचं आणि हेलिकॉप्टर उतरवायला जागा तयार. पुढे १९९१ ला आखाती युद्धात आणि २००१ ला अफगाणिस्तानात पण वापरला. नाव मात्र क्रिकेटवाल्यांच्या ओळखीचं निघेल, एकोणिसाव्या शतकात क्रिकेट आणि बेसबॉल दोन्हीकडे जमिनीलगत सरपटत जाणाऱ्या चेंडूला डेझी कटर म्हणायचे, गवतातली फुलं कापत जाणारा म्हणून. आपण सरपटी म्हणतो तो. बॉम्बचं नाव सरपटी ठेवायचं डोकं सैनिकांनाच सुचू शकतं.

टेक्नॉलॉजीवाल्यांची डेझी वेगळीच. १८९२ मध्ये हॅरी डेकर नावाच्या इंग्रज गीतकाराने ‘डेझी बेल’ हे गाणं लिहिलं, सायकलचं वेड ऐन भरात असताना. एक मुलगा डेझीला विचारतोय लग्न करशील का, बग्गी परवडणार नाही मला, पण दोघांच्या सायकलवर तू काय छान दिसशील. गाणं लंडनमध्ये गाजलं, अमेरिकेतही गाजलं. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये आयबीएम ७०४ या खोलीभर पसरलेल्या कॉम्प्युटरला गायला लावायचं ठरलं तेव्हा हेच गाणं निवडलं गेलं, जॉन केली आणि कॅरल लॉकबॉम यांनी आवाज बनवला, मॅक्स मॅथ्यूजनी साथीचं संगीत. कॉम्प्युटरने गायलेलं पहिलं गाणं म्हणून ते आजही ऐकवतात, यूट्यूबवर आहे, नाकात बोलल्यासारखा आवाज आहे पण सूर बरोबर. लेखक आर्थर क्लार्क यांनी ते बेल लॅब्समध्ये जाऊन ऐकलं आणि १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये ते आलं. त्यात हॅल नावाचा यानावरचा कॉम्प्युटर माणसं मारतो, मग उरलेला एक अंतराळवीर त्याच्या मेंदूचे भाग एक एक करून काढायला लागतो, तेव्हा हॅलला हळूहळू फक्त लहानपणचं आठवायला लागतं आणि तो हे गाणं गातो, आवाज जड होत होत खाली जातो. खुनी मशीन आहे ते, तरी ऐकताना वाईट वाटतं, कारण गाणं डेझीचं आहे. तिथे कुठलंही मोठं, गंभीर गाणं घातलं असतं तर तो सीन फुकट गेला असता. आता ॲलेक्सा किंवा सिरीला गाणं म्हण म्हटल्यावर कधी कधी हेच का ऐकायला मिळतं ते कळलं असेल.

एक उदाहरण असं आहे जे डेझीवरच्या लेखांत फारसं येत नाही आणि मला सगळ्यात आवडतं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा डी ला सोल नावाचा हिप-हॉप ग्रुप, तीन पोरं. १९८९ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, कव्हर भडक पिवळं, वर डेझीची फुलं, आणि ते म्हणायचे की हे ‘डेझी एज’ आहे, त्यांनी डेझीच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या अक्षरांतून ‘दा इनर साऊंड, याऑल’ असं बनवलं होतं, म्हणजे आतला आवाज. त्या वेळी रॅप म्हणजे सोन्याच्या साखळ्या, पोलीस, गँग, राग. त्यात ही पोरं फुलं घेऊन आलेली बघून प्रेसने लगेच शिक्का मारला, हिप-हॉपमधले हिप्पी. पोरं वैतागली, एक तर ती हिप्पी नव्हतीच, आणि कृष्णवर्णीय पोरांनी फूल हातात घेतलं की ती मऊ आहेत असं समजून रस्त्यावर त्यांना आडवं जाणारे पण भेटायला लागले. मग १९९१ मध्ये दुसरा अल्बम काढला, नाव ठेवलं ‘डी ला सोल इज डेड’, आणि कव्हरवर काय, तर डेझीची कुंडी उपडी पडून फुटलेली. स्वतःच्याच प्रतिमेचा खून स्वतः केला आणि अल्बमही चांगला निघाला. त्या दोन कव्हरमध्ये मला एवढं दिसतं की फुलाचा अर्थ एकदा अंगाला चिकटला की कुंडी फोडल्याशिवाय सुटका नाही.

मरणाशी डेझीचा संबंध जुनाच आहे. ‘पुशिंग अप डेझीज’ म्हणजे मेलाय, जमिनीखाली आहे आणि वरची फुलं ढकलतोय. मूळ ब्रिटिश बोली, पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत फार चालली, तिथून अमेरिकेत रुळली. २००७ ते २००९ मध्ये एबीसीवर ‘पुशिंग डेझीज’ नावाची मालिका होती, ‘पाय’ नावाचा सारण भरून भाजलेला पदार्थ बनवणारा एक माणूस, मेलेल्या कुणालाही हात लावला की ते जिवंत होतं आणि दुसऱ्यांदा हात लावला की कायमचं जातं, मग तो लहानपणच्या मैत्रिणीला जिवंत करतो आणि त्यामुळे जन्मभर तिला स्पर्शच करू शकत नाही. रंगीबेरंगी, गोड, आणि विषय प्रत्येक एपिसोडला खून.

बाकी किरकोळ. १९८९ चा ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’ त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपटाचा ऑस्कर घेऊन गेला, त्यातली अटलांटाची ज्यू म्हातारी १९४८ मध्ये सत्तरीच्या पुढे असते, म्हणजे तिचा जन्म बरोबर त्या काळातला जेव्हा घरोघरी डेझी जन्माला येत होत्या, नाव अचूक निवडलंय. टेलर स्विफ्टच्या २०१७ च्या एका गाण्यात ती म्हणते की आधी मी विषारी वेल होते, आता तुझी डेझी झालेय, चाहत्यांना यावर निबंध लिहिता येतात. ऑफिसात आयटीवाला एका एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा, त्याला तिसरा जोडू नका, ‘डेझी चेन’ होते म्हणून ओरडतो, ते नाव पोरी फुलांचे देठ एकमेकांत ओवून जी माळ करतात तिच्यावरून आलंय. आणि मूल पडलं की म्हणायचं ‘ऊप्सी डेझी’, त्याचा या फुलाशी संबंध नाही, ‘उठ उठ’ छापाच्या बोबड्या बोलांचं ते रूप आहे, उगाच अर्थ शोधत बसू नका.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत मात्र डेझी म्हटलं की यातलं काहीच आठवत नाही, तिथे आठवतात गर्ल स्काऊट्स. १२ मार्च १९१२ ला जॉर्जियातल्या सव्हाना गावात ज्युलिएट गॉर्डन लो या बाईंनी १८ मुली जमवून ही संघटना सुरू केली, आणि घरचे त्यांना लहानपणापासून डेझी म्हणायचे. १९८४ मध्ये सगळ्यात छोट्या मुलींसाठी नवीन गट काढला तेव्हा त्याला त्यांचं लाडाचं नाव दिलं. म्हणून बालवाडीतल्या आणि पहिलीतल्या मुली ‘डेझी’, निळं जॅकेट किंवा ॲप्रन, आणि एक एक चांगली गोष्ट शिकली की त्यावर फुलाची एक एक रंगीत पाकळी लागते. म्हणजे सगळी अमेरिका दीडशे वर्षं पाकळ्या उपटत आली आणि इथे लावतात. यात बंदूक नाही, बॉम्ब नाही, फक्त कुकीज आहेत, ज्या या मुली दरवर्षी संघटनेसाठी विकतात, आणि जानेवारी उजाडला की पाच वर्षांच्या पोरीच्या नावाने ऑर्डरचा फॉर्म घेऊन तिचे आई-बाबा न्यूजर्सीच्या ऑफिसांतून, महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात आणि व्हॉट्सॲपच्या प्रत्येक ग्रुपवर फिरत असतात. तुम्हाला असा मेसेज आला तर त्यातल्या थिन मिंट्स नावाच्या कुकीजचे दोन डबे घ्या, ते फ्रीजरमध्ये ठेवून खातात.